ठाण्यात पेटी लावून घ्यायची असेल तर

पावसाळा संपत आला की ठाण्यातल्या भजनी मंडळांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्तीला कुठे द्यायची? मला त्याचं चांगलं उत्तर मिळालं आहे आणि ते सविस्तर सांगायचं आहे. चांगल्या चांगल्या पेट्या केवळ नीट सुरात लावून मिळत नाहीत म्हणून माळ्यावर जातात आणि त्यांच्या जागी कीबोर्ड येतो, हे मी आमच्या ओळखीतच पाहिलं आहे. फार वाईट वाटतं.

जांभळी नाक्याच्या बाजारात, कोपिनेश्वराच्या देवळापासून चालत जाता येईल अशा एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या जिन्याखाली एक काका पेट्या दुरुस्त करतात. दुकानाला पाटी नाही. नाव आणि नंबर कुठे छापू नका असं त्यांनी मला सांगितलं आहे. एकटे आहेत, हातातलंच काम वेळेवर होत नाही, आणखी गर्दी नको म्हणाले. म्हणून नाव लिहीत नाही. त्या गल्लीत तांब्यापितळेची भांडी विकणाऱ्यांना 'पेटीवाले काका कुठे बसतात' एवढं विचारलं की जिना दाखवतात.

माझी पेटी बाबांची. साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्या, खर्ज (खालच्या सप्तकाची) आणि नर (त्याच्या वरच्या सप्तकाची) अशा दोन रांगा, म्हणजे आत एकूण ८४ रीड, सूर काढणाऱ्या पितळी जिभा. बाबा मालवणकडचे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात नोकरी करायचे आणि रात्री चाळीत भजनाला बसायचे. कोकणातल्या भजनाची पेटी ही कष्टाची पेटी असते. बुवा वरच्या पट्टीत गातात, पखवाज घुमत असतो, झांजा कानाशी वाजत असतात, आणि त्यातून पेटी ऐकू यायची तर भाता जोरात मारावाच लागतो. एवढी वर्षं असा मार खाल्लेली पेटी आता आमच्या महिला भजनी मंडळात मी वाजवते. भात्याच्या घड्यांमधलं कातडं विरलं होतं. हवा टिकत नव्हती. एक पट्टी दाबून सोडली तरी तिचा सूर वाजत राहायचा. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे मधल्या सप्तकात खर्ज आणि नर एकमेकांशी भांडत होते.

हे भांडण म्हणजे काय ते सांगते, कारण पेटी उतरली आहे की नाही हे घरच्या घरी ओळखायची ती सगळ्यात सोपी खूण आहे. पांढरी सहाला, म्हणजे सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीला, खर्जाची रीड सेकंदाला २२० वेळा थरथरत असेल तर वरच्या सप्तकातली तिची जोडीदार बरोबर ४४० वेळा थरथरायला हवी. ती ४४२ वेळा थरथरू लागली की दोन्ही एकत्र वाजवल्यावर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात, वाऽव वाऽव असे. फरक वाढला की हेलकावे जलद होतात. एकच स्टॉप (रांगेची हवा उघडणारी खुंटी) उघडून वाजवलं तर ते ऐकू येत नाहीत, म्हणून दोन्ही रांगा उघडूनच एकेक पट्टी लांब धरून पाहावी.

आधी ही पेटी मी वाद्यांच्या एका मोठ्या दुकानात दिली होती. दुकान चकचकीत, पावती छापील, सांगितलेल्या दिवशी पेटी तयार. त्यांनी प्रत्येक पट्टी मोबाइलवरच्या यंत्रासमोर वाजवून दाखवली, प्रत्येक वेळी काटा मधोमध आणि हिरवा दिवा. मी समाधानाने घरी आणली. मंडळात पहिल्याच अभंगाला आमच्या मुख्य गायिका थांबल्या. म्हणाल्या, "अगं, गंधारावर मी थांबले की पेटी माझ्यापासून लांब जाते." त्यांचा गळा तयारीचा आहे, शास्त्रीय शिकलेल्या आहेत. त्यांचं चुकत नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत. मग हिरवा दिवा लागूनही चुकत कुठे होतं, हे मला जिन्याखालच्या काकांनी समजावलं.

त्यांच्याकडे गेले तेव्हा सोबत माझी लेक होती, नववीतली. पेटी जड, एकटीने नेणं जमत नाही. मला वाटलं होतं काका लगेच झाकण उघडून आत बघतील. त्यांनी पेटी नुसती समोर ठेवायला लावली आणि म्हणाले, "ताई, आधी वाजवा. तुम्ही रोज जे वाजवता तेच."

मी आमच्या हरिपाठानंतर म्हणतो त्या अभंगाची चाल वाजवली. भूप रागातली आहे. काका पेटीच्या मागच्या बाजूवर तळहात टेकवून ऐकत होते. मग प्रश्न सुरू झाले. कोण गातं? बायका की पुरुष? कुठल्या पट्टीत? नेहमी त्याच पट्टीत की बदलता? घरात आणखी कोणी वाजवतं का? मी सांगितलं, मंडळ जवळजवळ नेहमी काळी चारमध्ये, म्हणजे चौथी काळी पट्टी सा धरून गातं, एखाद्या दिवशी गळा बसलेला असला की पांढरी पाच घेतो, आणि घरी लेक शाळेतली गाणी पांढरी एकमध्ये वाजवते. हे सगळं त्यांनी एका वहीत लिहून घेतलं. मग लेकीला म्हणाले, "तू म्हण बरं तीच चाल. शब्द नकोत, नुसती गुणगुण."

तिने गुणगुणली. काका डोळे मिटून बोटाने मांडीवर खुणा करत होते. ताल धरलाय असं मला वाटलं, पण ते कुठल्या सुरावर किती वेळ थांबतेय ते बघत होते. म्हणाले, "गाणं ज्या सुरावर थांबतं तो सूर आधी नीट लावायचा. पळत जाणाऱ्या सुरात थोडं इकडेतिकडे असलं तरी कान माफ करतो. थांबलेल्या सुरात नाही करत."

माझ्या मते या माणसाकडे पेटी द्यायची ती या एका वाक्यासाठी. बाकी भाता, कातडं, बनात (पट्ट्यांखालचं जाड लोकरी कापड) ही कामं इतरही लोक चांगली करतात.

लेक त्यांना म्हणाली, "म्हणजे तुम्ही आधी मेलडी ऐकता." ती कीबोर्डच्या क्लासला जाते आणि तिथे सगळं इंग्रजीतून चालतं: उजवा हात मेलडी, डावा हात कॉर्ड. इंग्रजी बोलणारी माणसं रोजच्या बोलण्यातही हा शब्द तसाच वापरतात. गाण्याचे शब्द विसरले, वाद्यं विसरली, तरी आंघोळ करताना तोंडात जे येतं ते मेलडी. 'मेलडी आठवते, शब्द आठवत नाहीत' हे त्यांच्याकडचं अगदी साधं वाक्य आहे. आपल्याकडे मात्र 'पूर्वीच्या गाण्यांत मेलडी होती' असं म्हणताना गोडवा मनात असतो. लेक क्लासमधल्या अर्थाने बोलत होती आणि काकांना ते फार पटलं. म्हणाले, "पेटीला एकच हात मिळतो बाळ. दुसरा भात्याला. म्हणून आपली पेटी मेलडीचीच."

हे ऐकल्यावर मला या वाद्याचा सगळा इतिहास एकदम उलगडल्यासारखा वाटला. हार्मोनियम युरोपातली. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ती आकाराला आली तेव्हा वाजवणारा खुर्चीवर बसायचा, पायाने हवा भरायचा आणि त्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे असायचे. प्रार्थनेच्या वेळी एकाच वेळी चार-पाच सूर दाबून भरदार साथ करायची, हे तिचं तिथलं काम. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याच शतकाच्या उत्तरार्धात मागे भाता असलेली, जमिनीवर बसून वाजवायची सुटसुटीत पेटी बनवली आणि वाजवणाऱ्याचा एक हात भात्याकडे गेला. उरलेल्या हाताने गळ्याच्या मागे मागे जायचं. आपल्या गाण्याला हेच हवं होतं.

पण वाद्य आलं ते तिकडच्या सुरांची वाटणी घेऊन. एका सप्तकाचे १२ सारखे भाग, आणि मोजमापासाठी प्रत्येक भागाचे १०० सेंट. त्यामुळे सा पासून शुद्ध गंधार ४०० सेंटवर बसतो. गळ्यातून तंबोऱ्यावर जो गंधार सहज लागतो तो साधारण ३८६ सेंटवर असतो. १४ सेंटचा फरक. पंचमात हाच फरक फक्त २ सेंटचा असतो, म्हणून पंचमाबद्दल कुणी तक्रार करत नाही. धैवताचं गंधारासारखंच: यंत्राचा ९००, गळ्याचा ८८४. भूपात सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर. त्यातले दोन, आणि तेही जिथे गाणं विसावतं ते, १४-१६ सेंटनी चढे. आमच्या गायिकेला पेटी लांब गेल्यासारखी का वाटली, ते इथे कळलं. हिरवा दिवा खोटं बोलत नव्हता, तो त्या १२ सारख्या भागांपुरतं खरंच बोलत होता.

पेटीवरचा राग याच कारणाने जुना आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला आपल्या केंद्रांवर बंदी केली. तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही आणि तिचे सूर आपल्या रागांचे नाहीत, असे आक्षेप होते. बंदी १९७१ पर्यंत टिकली. त्याच काळात गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्या वादकांनी मैफलीत आणि नाट्यसंगीतात पेटीची साथ किती सुरेल आणि किती समजूतदार असू शकते ते दाखवून दिलं. आणि या १४ सेंटच्या प्रश्नाला भिडणारा माणूस आपल्या ठाण्याचाच आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. डॉ. विद्याधर ओक, पेशाने डॉक्टर आणि गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य, यांनी सप्तकातल्या २२ श्रुती, म्हणजे सुरांच्या बारीक जागा, वाजवता येतील अशी पेटी तयार केली. तिच्यात रागाप्रमाणे स्वराची श्रुती बदलता येते. रोजच्या भजनाला तशी पेटी प्रत्येकाकडे असणार नाही. मग साध्या पेटीत काय करता येईल, हा आमच्यासारख्यांचा प्रश्न.

काकांनी पर्याय समोर ठेवले आणि निवड माझ्यावर सोडली. पहिला पर्याय, पेटी सगळ्या पट्ट्यांना सारखी राहू द्यायची, म्हणजे मोठ्या दुकानाने लावली तशीच. कुठूनही गा, सगळीकडे सारखीच थोडी बोचेल. दुसरा पर्याय, काळी चारला सा धरून पेटी त्या सा साठी लावायची. काळी चार सा, तर गंधार येतो पांढरी एकवर आणि धैवत पांढरी चारवर. त्या दोन पट्ट्यांच्या रीड उतरवल्या की काळी चारमध्ये गंधार गळ्याशी मिळून जाईल. पण ज्या दिवशी मंडळ पांढरी पाचमध्ये गाईल त्या दिवशी तीच पांढरी एक मध्यम होते, आणि तो मध्यम उतरलेला लागेल. लेकीच्या गाण्यांत तर पांढरी एक हाच सा आहे. तिचा पायाच हलेल.

मी गोंधळले. काका म्हणाले, "अर्ध्यावर आणू या." गंधार आणि धैवत पूर्ण न उतरवता निम्मे उतरवायचे, साधारण ७ सेंट. काळी चारमध्ये टोचणार नाही, बाकी पट्ट्यांमध्ये कळणार नाही. शिवाय हे फक्त नराच्या मधल्या सप्तकात करायचं, जिथे भजनात बोट जास्त फिरतं. मी विचारलं, मग खर्ज आणि नर त्या दोन पट्ट्यांवर पुन्हा भांडणार नाहीत का? माझ्याकडे बघून ते खूश झाले. म्हणाले, हो, म्हणून त्या पट्ट्यांच्या जोडीचा खर्जही तेवढाच उतरवायचा. इतक्या बारकाईने कुणी आपल्याशी बोलतं, आपल्याला कळेल असं धरून बोलतं, हे मला फार मोलाचं वाटलं.

काम त्यांनी माझ्यासमोर सुरू केलं ते रीडपासून. रीड म्हणजे पितळी पट्टीत कापलेल्या फटीवर बसवलेली पितळेचीच पातळ जीभ. एक टोक पक्कं, दुसरं मोकळं. हवा जाते, मोकळं टोक थरथरतं, सूर निघतो. तो चढवायचा असेल तर मोकळ्या टोकाशी किंचित घासायचं, टोक हलकं होतं आणि जलद थरथरतं. उतरवायचा असेल तर मुळाशी घासायचं, तिथला ताठपणा कमी होतो आणि थरथर मंदावते. तत्त्व एवढंच. पण घासलेलं परत येत नाही. म्हणून काका बारीक कानशीने एकदोन हात फिरवायचे, रीड जागेवर ठेवायचे, भाता मारून ऐकायचे, पुन्हा काढायचे. मोबाइलवरचं यंत्र त्यांच्याकडेही आहे आणि ते वापरतात. पण शेवटचा निर्णय दोन रांगा एकत्र वाजवून, हेलकावे थांबले का ते कानाने ऐकून. पुढची रीड घेण्याआधी घासलेली रीड थोडा वेळ तशीच राहू देतात, कारण घासताना ती गरम होते आणि तेवढ्यानेही सूर हलतो.

दोन रीडना मुळाशी चीर गेली होती. त्या बदलायच्या होत्या. काकांकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यांमध्ये जुन्या मोडीत निघालेल्या पेट्यांच्या रीड साठवलेल्या आहेत, काही जर्मन, बऱ्याच गुजरातमधल्या पालिताण्याच्या. पालिताणा जैन तीर्थ म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पेटीवाल्यांना ते रीडसाठी माहीत आहे. नवी करकरीत रीड बसवली असती तर शेजारच्या जुन्या रीडमध्ये ती वेगळी, टणक ऐकू आली असती. त्यांनी डब्यातून तेवढ्याच वापरलेल्या दोन शोधल्या. आज मलाही त्या कुठल्या ते ओळखता येत नाही.

भात्याचं काम नंतर झालं, ते मी पाहिलं नाही. घड्यांचं कातडं बदललं, सांधे सरसाने पुन्हा चिकटवले, पट्ट्यांखालची बनात बदलली. वाजत राहणाऱ्या पट्टीखालची बनात कसरीने खाल्ली होती, त्यामुळे भोक पूर्ण झाकलं जात नव्हतं, हे त्यांनी जुनी बनात दाखवून सांगितलं. पेटी घेताना तपासणी कशी करायची तेही शिकवलं: सगळे स्टॉप बंद करायचे, भाता भरायचा, कडी न लावता सोडून द्यायचा आणि तो किती सावकाश बसतो ते बघायचं. आमचा आधी सोडल्याबरोबर बसायचा. आता बराच वेळ फुगलेला राहतो, आणि मला भाता कमी मारावा लागतो, त्यामुळे चाल जास्त सलग निघते.

खर्च सगळा मिळून ३,५०० रुपये आला. रीड लावणं, दोन रीड, भात्याचं कातडं, बनात, साफसफाई, सगळं त्यात. आधीच्या दुकानात नुसत्या सूर लावण्याचे याच्या निम्म्याहून जास्त पैसे दिले होते. काकांनी आधी थोडे पैसे घेतले, बाकीचे पेटी घेताना. पावती मागितली तर वहीच्या कागदावर लिहून देतात.

आता उणी बाजू, कारण तीही माहीत असायला हवी. वेळ पाळली जात नाही. सांगितलेल्या तारखेला गेलं तर पेटी उघडीच असते. गणपतीच्या आधीचा महिना-दीड महिना ते नवीन काम घेतच नाहीत, आणि नवरात्रापर्यंत गर्दी ओसरत नाही. तुमचा कार्यक्रम ठरलेला असेल तर हे लक्षात ठेवा. फोन उचलत नाहीत, प्रत्यक्ष जावं लागतं. गल्लीत गाडी जात नाही. रिक्षा नाक्यावर सोडते, तिथून पेटी हाताने न्यायची, म्हणून दोन माणसं हवीत. बसायला जागा एका स्टुलाची. पेटी घरी येऊन नेत नाहीत. स्केल चेंजर पेटीचं सूर लावण्याचं काम करतात, पण पट्ट्या सरकवण्याची यंत्रणा बिघडली असेल तर सरळ नाही म्हणतात. त्यांचा हा नकार मला विश्वासाचा वाटला. येत नसलेलं काम घेऊन पेटी खोलून ठेवणारे कमी नाहीत.

आणखी एक. ते बोलतात फार, आणि तुम्हाला वाजवायला लावतात. ज्यांना पेटी ठेवून लगेच निघायचं आहे त्यांची चिडचिड होईल. माझ्यासमोर एक गृहस्थ आले होते, मुलाच्या क्लाससाठी पेटी लावून हवी होती. काकांनी विचारलं, मुलगा कुठल्या पट्टीत गातो, क्लासमध्ये कुठल्या पट्टीत वाजवतात. त्यांना माहीत नव्हतं. काका म्हणाले, मुलाला घेऊन या. ते वैतागून गेले. मला काकांचं म्हणणं बरोबर वाटलं. मुलगा वर्षानुवर्षं त्या पेटीवर सूर ओळखायला शिकणार आहे. पेटीत चुकीचा बसलेला गंधार त्याच्या कानातही तसाच बसेल, आणि कानात बसलेला सूर कानशीने घासता येत नाही. एक फेरी जास्त झाली तर काय मोठंसं बिघडतं?

पेटी परत आल्यावर मंडळात पहिला अभंग तोच घेतला, भूपातला. मुख्य गायिकांना मी आधी काही सांगितलं नव्हतं. पहिल्या कडव्यात त्या गंधारावर थांबल्या आणि नेहमीपेक्षा लांब थांबल्या. मी पट्टी धरून ठेवली. पुढे भैरवीपर्यंत त्यांनी एकदाही माझ्याकडे वळून बघितलं नाही, आणि साथीदाराला याहून मोठी पावती नको असते. भजन संपल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "कोणाकडे दिली होतीस?" त्यांच्याही घरी एक जुनी पेटी आहे. नंतर आम्ही पांढरी पाचमध्येही एक गौळण घेऊन पाहिली. मध्यमात मला किंचित जाणवलं, बाकी कुणालाही नाही. लेक म्हणते पांढरी एकचा सा तिला ठीक आहे, आणि ती आता कीबोर्डवर शिकलेली गाणी पेटीवर फक्त उजव्या हाताची वाजवते. कॉर्ड सोडून दिल्यावर ती जास्त चांगली वाटतात असं मला वाटतं. तिचं मत वेगळं आहे.

मोठ्या दुकानाने वाईट काम केलं असं मला म्हणायचं नाही. कीबोर्डच्या सोबत वाजणारी पेटी असेल, ऑर्केस्ट्रात किंवा शाळेच्या वाद्यवृंदात बसणारी असेल, तर सगळ्या पट्ट्यांना सारखी, यंत्रावर लावलेली पेटीच हवी. इतर वाद्यं त्याच मापाने लागलेली असतात. तिथे काकांचा अर्ध्यावरचा गंधार उलट खटकेल. एक गळा आणि त्याच्यामागे एक पेटी, असं ज्यांचं गाणं आहे त्यांनी जांभळी नाक्याला जावं.

जाण्याआधी थोडी तयारी करा. कुठल्या पट्टीत गाता ते नक्की माहीत करून घ्या. कुठली पट्टी अडकते, कुठली बोलत नाही, कुठे हेलकावे येतात ते कागदावर लिहून न्या. काकांनी मला पेटीच्या पेटाऱ्यात डांबरगोळीची पुडी ठेवायला सांगितली आहे, पट्ट्यांना लागणार नाही अशी कोपऱ्यात. पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका आणि बंद करून महिनोन्महिने पडू देऊ नका, दोन दिवसांआड तरी थोडी वाजवा, कारण हवा फिरली की आतला दमटपणा कमी होतो. दुकान सकाळी अकरा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ, सोमवारी बंद. शनिवारी संध्याकाळी बाजाराची गर्दी असते, पेटी घेऊन तिथून जाणं कठीण, तेव्हा शक्यतो मधल्या दिवशी सकाळी जा. आणि पेटीसोबत जो गातो त्याला न्या.